पिवळा बावटा आणि दोन सामोआ

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

परक्या बंदरात येणारे जहाज पिवळा बावटा चढवून बाहेरच थांबले, की जुन्या काळी किनाऱ्यावरच्या माणसाला त्याचा अर्थ विचारावा लागत नसे. आमची आरोग्यतपासणी व्हायची आहे, तोवर आम्ही उतरत नाही आणि तुम्हीही जवळ येऊ नका, असा तो निरोप. मग बंदराचा डॉक्टर लहान बोटीतून जहाजावर जाणार, कप्तानाचे कागद पाहणार, कोणी आजारी आहे का याची चौकशी करणार, उतारूंवरून नजर फिरवणार आणि समाधान झाले की बावटा खाली. २०२० साली स्टेशनात, विमानतळावर, अगदी आपल्या राहत्या सोसायटीच्या फाटकाशीसुद्धा कपाळावर रोखलेले ते तापमापक यंत्र आपण सगळ्यांनी पाहिले. ते याच बावट्याच्या वंशातले.

आज जिची हकीकत सांगायची ती तपासणी झाली ७ नोव्हेंबर १९१८ रोजी, प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर, आपिया नावाच्या बंदरात. जहाजाचे नाव 'टलून'. तपासणी टाळली गेली, असे नव्हे. डॉक्टर जहाजावर गेला, कागद पाहिले, ते स्वच्छ होते. उतारूंना उतरायची परवानगी मिळाली. वर्ष संपायच्या आत त्या बेटांवर ७,५४२ माणसे तापाने मेल्याची नोंद झाली आणि पुढच्या काही आठवड्यांत हा आकडा साडेआठ हजारांच्या घरात गेला. लोकसंख्या होती अडतीस हजारांच्या आसपास. म्हणजे पाचातला एक माणूस गेला, किंबहुना थोडे अधिकच. आणि तिथून सव्वाशे किलोमीटरवर, त्याच लोकांच्या, त्याच भाषेच्या शेजारच्या बेटांवर या तापाने दगावलेल्यांची संख्या होती शून्य.

हा फरक हवापाण्याचा नव्हता आणि नशिबाचाही नव्हता. तो कसा पडला हे समजायला आधी नकाशा डोळ्यांसमोर आणायला हवा.

सामोआ हा ज्वालामुखींनी उभारलेल्या बेटांचा समूह. पश्चिमेला सावाई आणि उपोलू ही दोन मोठी बेटे. आपिया हे उपोलूवरचे गाव. पूर्वेला तुतुइला आणि त्याच्याही पलीकडे मनुआची छोटी बेटे. तुतुइलाचे बंदर पागो पागो. लिहितात असे, पण सामोअन माणूस ते 'पांगो पांगो' असे म्हणतो. या सगळ्या बेटांवर एकच भाषा, एकच कुळाचार. आपियातल्या मुलीचे सासर तुतुइलात आणि तुतुइलातल्या म्हाताऱ्याची जमीन उपोलूवर, असा प्रकार घरोघरी. त्या लोकांच्या लेखी मधला समुद्र म्हणजे दोन गावांमधला रस्ता.

१८९९ साली जर्मनी, अमेरिका आणि ब्रिटन यांनी बसून या रस्त्यावर रेघ मारली. पश्चिमेची बेटे जर्मनीला, पूर्वेची अमेरिकेला. ब्रिटनने आपला हक्क सोडून दुसरीकडे मोबदला घेतला. सामोअन लोकांना कोणी विचारले नाही, हे निराळे सांगायला नको. पुढे १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच ऑगस्टअखेर न्यूझीलंडच्या फौजेने जर्मन सामोआ एकही गोळी न झाडता ताब्यात घेतले आणि कर्नल रॉबर्ट लोगन हा लष्करी अधिकारी तिथला प्रशासक झाला. पलीकडे पागो पागोला अमेरिकी नौदलाचा तळ, आणि नौदलाचा अधिकारी हाच तिथला गव्हर्नर. १९१५ पासून त्या खुर्चीवर होता कमांडर जॉन मार्टिन पॉयर. हा गृहस्थ प्रकृतीच्या कारणाने पूर्वीच निवृत्त झालेला, पुन्हा कामावर बोलावलेला. तुतुइला आणि मनुआ मिळून वस्ती जेमतेम आठ हजारांची. कोणाच्या नजरेत भरावे असे ते ठिकाणच नव्हते.

आता 'टलून'कडे वळू. न्यूझीलंडच्या युनियन स्टीमशिप कंपनीची ही बोट ऑकलंडहून फिजी, सामोआ, टोंगा अशी फेरी करी. माल, टपाल आणि उतारू, तिन्ही नेई. कोकणच्या किनाऱ्यावरून एके काळी आगबोटी जात, तसाच प्रकार, फक्त अंतरे मोठी. ३० ऑक्टोबर १९१८ रोजी ती ऑकलंडहून निघाली तेव्हा त्या शहरात इन्फ्लुएंझाने धुमाकूळ घालायला सुरुवात केली होती. तरी बोटीला स्वच्छ आरोग्यपत्र मिळाले. त्यात लबाडी नव्हती. जे रोग आढळल्यास सरकारला कळवलेच पाहिजेत अशा रोगांची न्यूझीलंडमध्ये एक यादी होती आणि त्या दिवशी तिच्यात इन्फ्लुएंझाचे नाव नव्हते. यादीत नाही म्हणजे कागदापुरता तो रोगच नाही. ऑकलंडच्या कचेरीने नियम मोडला नाही, तर पाळला.

ही केवळ न्यूझीलंडची चूक म्हणून सोडून देता येत नाही. १९१२ साली पॅरिसला जो आंतरराष्ट्रीय आरोग्य करार झाला त्यात प्लेग, कॉलरा आणि पीतज्वर असे तीनच रोग धरले होते. साऱ्या जगाची बंदरे याच तिघांच्या शोधात असत. पडसे-ताप घेऊन येणाऱ्या माणसाला अडवायचे, ही कल्पनाच हास्यास्पद वाटली असती. आपल्या मुंबईला याची प्रचीती काही महिने आधी येऊन गेली होती. मे १९१८ च्या शेवटी एक लष्करी जहाज गोदीत लागले आणि १० जूनला सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. ती उन्हाळ्यातली लाट सौम्य ठरली. पण सप्टेंबर-ऑक्टोबरात आलेल्या दुसऱ्या लाटेत एकट्या ६ ऑक्टोबरला मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. आपल्या खेड्यापाड्यांत त्या साथीला 'मानमोडी' म्हणत. हिंदुस्थानात तिने एक कोटीच्या कितीतरी वर माणसे नेली. ज्या मुंबईत १८९६ पासून प्लेगसाठी तपासणीची एवढी मोठी यंत्रणा उभी होती, तिच्या फाटकातून हा रोग सरळ चालत आत आला.

'टलून' ४ नोव्हेंबरला फिजीच्या सुव्हा बंदरात पोहोचली. तिथल्या अधिकाऱ्यांना ऑकलंडची खबर होती. त्यांनी बोटीवर निर्बंध घातले आणि पुढे जाणाऱ्या उतारूंना किनाऱ्यावर पाय ठेवू दिला नाही. पण फिजीसाठी आलेल्यांपैकी जे धडधाकट दिसले ते उतरले, आणि माल चढवण्या-उतरवण्यासाठी फिजीचे मजूर बोटीवर चढले. अर्धा दरवाजा लावला आणि अर्धा उघडा ठेवला. फिजीत पुढे सुमारे पाच टक्के लोक मेले. त्यांत तिथले मूळ रहिवासी होते, तसे उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेले आपले हिंदी मजूरही होते.

या रोगाची रीत अशी की लागण झाल्यावर साधारण एक ते तीन दिवसांत ताप चढतो. एवढ्या वेळात माणूस हसतबोलत असतो आणि रोग वाटत असतो. एकटा-दुकटा माणूस आठ दिवस समुद्रावर असता तर बोटीवरच आजारी पडून बोटीवरच बरा झाला असता. पण बोटीत गर्दी असते, वाटेत नवी माणसे चढतात, आणि एकाचा ताप उतरेपर्यंत दुसऱ्याचा चढतो. ऑकलंड सोडून आठ दिवस झाले, हा आपियाच्या लोकांसाठी दिलासा नव्हता. सुव्हाला निर्बंध घातले गेले होते हे आपियाच्या डॉक्टरला ठाऊक नव्हते, आणि कप्तानाने ते आपणहून सांगितले नाही. ऑकलंडचे पत्र स्वच्छ होते, तेच शेवटचे प्रमाण ठरले. तापाने फणफणलेले उतारू नातेवाइकांच्या खांद्यांवर टेकून घरी गेले. सामोआत परगावाहून माणूस आला की गाव भेटायला लोटते. तसे ते लोटले.

आठवड्याभरात उपोलूच्या टोकाटोकाला ताप पोहोचला, मग सावाईला. हा इन्फ्लुएंझा म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन जाणारा नेहमीचा रोग नव्हता; ऐन तारुण्यातली आणि मध्यम वयाची माणसे त्याने जास्त नेली. घरात एक आजारी आणि चार शुश्रूषेला, असे राहिलेच नाही. सगळेच आडवे. शेतातले तारोचे कंद काढायला कोणी उरले नाही, चुली पेटल्या नाहीत आणि रोगातून वाचलेली कित्येक माणसे पुढे उपासमारीने खंगली. सामोआत मृताला घराच्या अंगणातच पुरतात, कुळातली मंडळी दुरून जमतात, विणलेल्या तलम चटयांची देवघेव होते. अंत्यविधी हा त्या समाजाचा सगळ्यात मोठा व्यवहार. त्या नोव्हेंबरात मात्र ट्रक गावोगाव फिरून प्रेते गोळा करत होते आणि आपियाजवळच्या वायमोसो गावी एका मोठ्या खड्ड्यात ती ठेवली जात होती. काही ठिकाणी घरासकट प्रेते जाळावी लागली. कुळांचे प्रमुख, म्हणजे ज्यांना तिथे मताई म्हणतात, ते फार मोठ्या संख्येने गेले. प्रशासकाला सल्ला देणारी सामोअन मुखियांची जी सभा होती, तिचे बहुतेक सदस्य दगावले. जमिनीच्या हद्दी, वंशावळी, मानपान हे सगळे ज्यांच्या तोंडी होते, ती तोंडेच मिटली.

इकडे पागो पागोला पॉयरच्या हाताशी होते बिनतारी यंत्र. जगभरातल्या साथीच्या बातम्या त्यावर येत होत्या आणि त्या त्याने ऐकल्या. त्याच्याकडेही इन्फ्लुएंझासाठी नियमावली नव्हती, कोणाकडेच नव्हती. त्याने ती तयार केली. आपियाहून येणाऱ्या कोणत्याही बोटीने पाच दिवस बंदरात नुसते उभे राहायचे. कोणी उतरायचे नाही. पाच दिवसांत ताप आला नाही तर पुढचा विचार. रोग तीन दिवसांत उघडा पडतो असे धरले, तर पाच दिवस हा अंदाज अगदीच अंधारातला नव्हता. एकट्या-दुकट्याला 'तुम्हाला बरे वाटते ना?' असे विचारण्यापेक्षा पाच दिवस वाट पाहणे कितीतरी प्रामाणिक. माणूस खोटे बोलू शकतो, घाबरून लपवू शकतो, त्याला स्वतःलाच ठाऊक नसते; कॅलेंडरला यातले काही जमत नाही.

पण मोठी बोट अडवणे सोपे असते. तिला धक्का लागतो, धक्क्यावर शिपाई उभा करता येतो. खरा प्रश्न होता होड्यांचा. उपोलू आणि तुतुइला यांमधला समुद्र सामोअन माणूस रात्रीतून वल्हवत पार करतो, आणि तुतुइलाच्या किनाऱ्यावर होडी लावायला छोट्या खाड्या कितीतरी. नौदलाच्या मूठभर खलाशांनी त्या राखणे अशक्य होते. पॉयरने तिथल्या मुखियांना बोलावले, परिस्थिती समजावून सांगितली, आणि पहारा गावकऱ्यांनीच पत्करला. ज्या गावाची खाडी, त्या गावाचे लोक रात्रंदिवस किनाऱ्यावर. होडी दिसली की हे आपली होडी घेऊन पुढे जाणार आणि तिला माघारी लावणार.

हे वाक्य लिहायला सोपे आहे. त्या होडीत कोण असेल याचा विचार करावा. उपोलूवर आई मरून पडल्याची खबर घेऊन आलेला भाऊ असेल, तापातून वाचलेल्या पोरांना आजोळी पोहोचवायला निघालेली बाई असेल. त्यांना 'परत जा' म्हणून सांगणारा परका गोरा शिपाई नव्हता, नात्यातलाच माणूस होता. आणि तुतुइलावरून कोणी आपियाला शेवटच्या भेटीला गेले, तर परत येण्याची शाश्वती नाही. ज्या समाजात मयताला न जाणे हा कुळाचा अपमान, तिथे आठ हजार लोकांनी शेजारच्या बेटावरची आठ हजार मयते लांबून पाहिली. इतिहासाच्या पुस्तकांत या नाकेबंदीचे श्रेय पॉयरला देतात, ते योग्यच आहे. अमेरिकेने त्याला 'नेव्ही क्रॉस' हे पदकही दिले. पण किंमत मोजणारे निराळे होते, आणि त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

इथे आपल्याला पुणे आठवल्याशिवाय राहत नाही. १८९७ चा साथरोग कायदा, प्लेग कमिशनर रँड, घराघरांत शिरणारे गोरे सोजीर, देवघरापर्यंत जाणारे बूट, आणि २२ जून १८९७ ची गणेशखिंडीतली रात्र. रोग खरा होता, तपासणीची गरजही खरी होती. पण करणारा कोण आणि कसे करतो, यावर सगळे अवलंबून असते. तुतुइलातले नौदलाचे राज्य काही रामराज्य नव्हते. १९२० पासून तिथल्या सामोअन लोकांनीही नौदलाच्या कारभाराविरुद्ध चळवळ उभी केली. म्हणजे गव्हर्नरांवर प्रेम होते म्हणून पहारा झाला असे नाही. हा पहारा आपला आहे, आपल्या पोरांसाठी आहे, एवढे पटले होते. पॉयर जून १९१९ मध्ये बदलून गेला तरी पहारा उठला नाही. पुढच्या गव्हर्नरच्या काळात, १९२० सालापर्यंत तो चालू राहिला. इन्फ्लुएंझा अखेर १९२६ मध्ये तिथे पोहोचला तेव्हा त्याची धार बोथट झालेली होती.

आता या कथेतला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आपियातल्या अमेरिकी वकिलाकडून पॉयरला तिथली अवस्था कळली, आणि त्याने तारेने विचारणा केली की आमची काही मदत होईल का. पागो पागोला नौदलाचे डॉक्टर होते, औषधे होती, १९१४ पासून सामोअन मुलींना परिचारिकेचे शिक्षण देणारी शाळा होती. अंतर काही तासांचे. ती विचारणा वकिलाने लोगनपर्यंत पोहोचवली. लोगनने उत्तर दिले नाही. त्याच सुमारास पॉयरने आपियाच्या टपालबोटीला पाच दिवसांची अट लावली, तेव्हा लोगनने पागो पागोशी बिनतारी संपर्कच बंद करून टाकला. शेजाऱ्याने आपल्या दाराला कडी लावली याचा राग त्याला आला असावा. पण कडी लावणारा तोच शेजारी मदत द्यायला तयार होता, हे त्याला दिसले नाही, किंवा पाहायचे नव्हते.

मदत मग कुठून आली? सिडनीहून. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर १९१८ मध्येच आपल्या साऱ्या बंदरांवर सागरी क्वारंटाइन लावले होते. तिथून 'एन्काउंटर' ही युद्धनौका २४ नोव्हेंबरला डॉक्टर, सेवक आणि औषधे घेऊन निघाली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला आपियाला पोहोचली. वैद्यकीय पथक उतरले. जहाजाच्या खलाशांना मात्र किनाऱ्यावर जाऊ दिले नाही. तोवर मरायचे ते बहुतेक मरून गेले होते. 'टलून' आपियाहून टोंगाला गेली होती, तिथेही सुमारे आठ टक्के लोक गेले. एका बोटीच्या एका फेरीने तीन द्वीपसमूह उजाड झाले, असा तो हिशेब.

१९१९ मध्ये न्यूझीलंड सरकारने चौकशी आयोग नेमला. आपियात साक्षी झाल्या. प्रशासनाची हेळसांड झाली, निर्णय चुकले, असा त्याचा निष्कर्ष निघाला. लोगन जानेवारी १९१९ मध्येच सामोआ सोडून गेला होता, तो पुन्हा आला नाही. सगळे खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फोडण्याकडे पुढच्या लेखकांचा कल दिसतो. माझे मत थोडे निराळे आहे. मदत नाकारली त्याला तो जबाबदार आहेच, त्याला क्षमा नाही. पण 'टलून' धक्क्याला लागली ती लोगनमुळे नव्हे. ऑकलंडमध्ये यादी, सुव्हात अर्धवट बंदी, बोटीवर कप्तानाचे मौन आणि आपियात स्वच्छ कागदावरचा विश्वास, अशी ती साखळी होती. यातल्या प्रत्येकाने आपापल्या पुरते 'माझ्याकडून नियमाप्रमाणे' असे म्हटले असणार. ऑकलंडहून आपियाला निघालेल्या एका बिनतारी संदेशाने ती तुटली असती. तो संदेश पाठवणे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

सामोअन लोक मात्र विसरले नाहीत. साथ ओसरताच तिथल्या मुखियांनी न्यूझीलंडचे राज्य नको, त्यापेक्षा अमेरिकेकडे द्या, अशी मागणी केली. शेजारच्या बेटावर काय घडले, हे त्यांनी पाहिले होते. तुलना समोरच उभी होती. आपियाचा मोठा व्यापारी ओलाफ नेल्सन याने या साथीत आई, बहीण, एकुलता भाऊ आणि भावजय गमावली. १९२० च्या दशकात 'माऊ' नावाची जी निःशस्त्र चळवळ उभी राहिली तिच्या पुढाऱ्यांत तो होता. करबंदी, बहिष्कार, सरकारी नोंदींना नकार, अशी तिची साधने. आपल्याकडच्या असहकाराशी तिचे साम्य सहज नजरेत भरते. २८ डिसेंबर १९२९ रोजी आपियाच्या रस्त्यावर माऊच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चळवळीचे नेते तुपुआ तमासेसे लेआलोफी तिसरे त्यात प्राणास मुकले. १ जानेवारी १९६२ रोजी पश्चिम सामोआ स्वतंत्र झाले. आणि जून २००२ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी आपियात जाऊन ज्या गोष्टींबद्दल माफी मागितली त्यांत १९२९ चा गोळीबार होता, तशी ७ नोव्हेंबर १९१८ ची ती बोटही होती. आरोग्यपत्रावरून एखाद्या सरकारने माफी मागितल्याची उदाहरणे इतिहासात फार नसतील.

एवढे भोगलेला देश पुढच्या साथीच्या वेळी काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. शंभर वर्षांनी, २०१९ च्या अखेरीस, सामोआत गोवराची साथ आली. आदल्या वर्षी लस तयार करताना परिचारिकांकडून चूक होऊन दोन बाळे दगावली होती, लोकांचा लशीवरचा विश्वास उडाला होता, त्यातून हे संकट. ८३ जण गेले, बहुतेक पाच वर्षांच्या आतली मुले. लस न घेतलेल्यांनी घरासमोर लाल कापड लावावे, म्हणजे पथके तिथे येतील, असा हुकूम डिसेंबरात निघाला. पिवळ्या बावट्याच्या जागी लाल. पण हा 'लांब राहा' म्हणणारा नव्हे, 'इकडे या' म्हणणारा.

त्या जखमेची खपली धरायच्या आत कोविड आला. सामोआने कोणाची वाट पाहिली नाही. चीनमधून निघालेल्या प्रवाशाने आधी रोग नसलेल्या तिसऱ्या देशात चौदा दिवस काढावेत आणि डॉक्टरचा ताजा दाखला घेऊन मगच यावे, असा नियम जानेवारी २०२० मध्येच झाला. फेब्रुवारीत आठ प्रवासी ही अट पूर्ण न करता विमानाने आले. ते सामोआचेच नागरिक होते. त्यांना उतरू दिले नाही, फिजीला परत पाठवले. जगाला तेव्हा हे फार कडक वाटले. १९१८ ठाऊक असणाऱ्याला ते तसे वाटले नसते.

अमेरिकन सामोआनेही मार्च २०२० मध्ये हवाईहून येणारी प्रवासी विमाने बंद केली. आता होडीतून कोणी येत नव्हते, पण प्रश्न तोच होता. उपचारासाठी, शिक्षणासाठी, नातेवाइकांकडे म्हणून गेलेली शेकडो माणसे हवाईत आणि अमेरिकेत अडकून पडली. त्यांना घरी आणणारी विमाने २०२१ सालात सुटू लागली, तीही आधी विलगीकरण, चाचणी, पुन्हा विलगीकरण अशा अटींवर. वर्षभर आपल्याच घरी जाता न येणे म्हणजे काय, हे करोनाच्या टाळेबंदीत गावी जाणाऱ्या रस्त्यावर अडवल्या गेलेल्या आपल्या चाकरमान्यांना वेगळे सांगायला नको. पागो पागोच्या विमानतळावर विलगीकरणातल्या प्रवाशांमध्ये पहिला रुग्ण सापडला सप्टेंबर २०२१ मध्ये. रोग वस्तीत पसरला फेब्रुवारी २०२२ मध्ये. स्वतंत्र सामोआत मार्च २०२२ मध्ये. दोन वर्षे हातात मिळाली, आणि या वेळी त्या दोन वर्षांत करण्यासारखे काही होते: लस. पॉयरच्या पहारेकऱ्यांकडे नुसती वाट पाहणे होते.

टोंगाचे प्रकरण तर 'एन्काउंटर'ची आठवण करून देणारे. १५ जानेवारी २०२२ रोजी तिथे समुद्रातला ज्वालामुखी फुटला, लाटा आल्या, पिण्याच्या पाण्यावर राख पडली. ऑस्ट्रेलियाची 'अडलेड' ही युद्धनौका मदतीचे सामान घेऊन निघाली, आणि वाटेतच तिच्यावरच्या खलाशांमध्ये कोविडचे वीसहून अधिक रुग्ण सापडले. टोंगात तोवर साथ नव्हती. पाणी तर हवे होते. टोंगाच्या सरकारने जहाजाला धक्क्याला लागू दिले, खलाशांना उतरू दिले नाही. सामान यंत्रांनी उतरवून बाजूला ठेवायचे आणि बहात्तर तास त्याला कोणी हात लावायचा नाही, असे ठरले. तसे झाले. १९१८ साली 'टलून' ज्या नुकुअलोफा बंदरात गेली होती तिथेच.

फेब्रुवारीच्या पहिल्या दोन दिवसांतच त्या बंदरात काम करणारे दोन मजूर बाधित निघाले. टोंगाने त्याच आठवड्यात टाळेबंदी लावली. बहुतेक प्रौढांनी तोवर लशीचे दोन डोस घेतलेले होते.